शिवणीतली माया

कॉव्हेंट्रीच्या गोल मार्केटात, मासळीवाल्याच्या मागे
माझं दुकान. पँट आखूड करणे, चेन बदलणे, पडदे.
म्हेत्रे म्हणता येत नाही कुणाला,
म्हणून मी मिसेस एम.

मंगळवारी जसलीन धापा टाकत आली,
फोन माझ्या नाकाला लावून म्हणाली,
बघा, काय करून ठेवलंय तिचं!
मी चष्मा चढवला.
एक बाई. राखाडी जाकीट, केस कापलेले,
आणि उभी अशी, की पायाला कधी काही झालंच नव्हतं.

ही वेरिटी?
वेरिटी हॉबला मी ओळखते,
खेळातून नव्हे, कोटातून.
अकरा वर्षांत तेवीस शिवले असतील तिचे,
हळदीचा डाग धुऊन धुऊन उरतो तसे पिवळे,
नऊ पितळी बटणं, उजवा खांदा जरा खाली.
ती लंगडते ना.
लंगडणाऱ्याचा कोट सरळ बेतला तर वाकडा बसतो,
हे मला कुठल्या खेळानं शिकवलेलं नाही.

दुपारपर्यंत माझ्या टेबलाशी कचेरी भरली.
बस डेपोतला लेरॉय म्हणतो, पैसे परत मागणार,
ही कुणीतरी भलतीच आहे, नाव तेवढं चोरलंय.
ओवेन म्हणतो, अरे, ती मोठी झाली,
आपण काय अजून शाळेत आहोत?
लेरॉयनं माझी कात्री उचलली, मी काढून घेतली.
(कापडाची आहे ती, भांडणाची नाही.)
जसलीन रडली. खरंच रडली,
आणि मग माझ्या डब्यातली शंकरपाळी खाल्ली.

गंमत सांगू?
लेरॉय आला होता तो जुना कोट घेऊनच.
कमरेला तीन इंच सोडा, मिसेस एम,
आणि त्याच तोंडानं, तिनं बदलायला नको होतं.
मी काही बोलले नाही.
टाचण्या तोंडात असल्या की
पुष्कळ गोष्टी बोलायच्या राहून जातात, ते बरंच.

कोट उसवला. आत दोन्हीकडे दीड दीड इंच कापड,
अकरा वर्षं अंधारात राहिलेलं, म्हणून अजून पिवळंजर्द.
इचलकरंजीला आमच्या शिवणक्लासच्या कोष्टीबाई
पट्टीनं बोटावर मारून सांगायच्या:
माया ठेव गं शिवणीत.
अंग काही माप दिलेल्या दिवशी थांबत नाही.

त्या चित्रवाल्याचा मला राग नाही.
असेल कुणी पोरगं, रात्र रात्र जागलेलं,
वरून साहेब म्हणाला असेल, नवीन दिसू दे.
एवढंच विचारलं असतं त्याला:
जुनीतून नवी बेतलीस, की नवं कापडच फाडलंस?
आत काही सोडलंस का, सैल करायला?

सहाला शटर ओढताना ब्रॉनी आली.
काठी टेबलाला टेकवली,
फोन दाखवला नाही, आवाज चढवला नाही.
म्हणाली, तिचा पाय बरा केलाय त्यांनी.
तिला विचारलं असेल असं वाटत नाही मला.

मग बराच वेळ बटणांच्या बरणीत बोटं फिरवत राहिली.
पितळीतली आता चारच उरलीत.
मला वाटलं, पिवळाच मागेल.
म्हणाली, राखाडी शिवा. नवीन. अगदी त्यांच्यासारखं.
फक्त उजवा खांदा अर्धा इंच खाली.

राखाडीवर खडू उमटत नाही नीट,
दोनदा चुकले, एक बाही परत लावली.
शुक्रवारी घालून बघायला आली तर मी म्हटलं,
अशी उभी नको राहूस, एक चक्कर मारून ये,
चालताना बघू दे मला.

मार्केट गोल आहे. निघालेला माणूस
अंडीवाला, मोबाईलवाला, चावीवाला करत
फिरून माझ्यापाशीच येतो.
आधी काठी ऐकू आली.
मग फुलकोबीच्या ढिगामागून जाकीट.